मौनीबाबांचा घास

“मग दीक्षा कधी देता, बाबा?”

हैबतरावांनी दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा केरोबाबा शेंगदाणे कुटत होते, आताही कुटतच होते. बाबांच्या तोंडाचं पार बोळकं झालेलं, त्यामुळे मठात ते बसतील तिथे खलबत्ता शेजारी असायचाच.

हैबतराव म्हणजे गावचे माजी सरपंच. एक गोष्ट दोनदा विचारायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी येताना नारळ आणला होता, दीक्षेत पांघरायची कोरी भगवी छाटी आणली होती, आणि वडिलांना, म्हणजे तात्यांना, जीपमधून उतरवून खांबाशी बसवलं होतं.

त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तात्यांनी वर्षभर मौन धरलंय. पंगतीला बसत नाहीत. ताट घेऊन गोठ्यात जातात आणि निम्मी भाकरी गाईला घालतात. बाजार सुटला, पारावरच्या गप्पा सुटल्या, भजन सुटलं. हल्ली नातवंडांनाही ओळखत नाहीत. देहभानच उरलं नाही म्हणा ना! गाव मौनीबाबा म्हणून पाया पडतं. असा बाप मिळायला पुण्याई लागते. आता उरलेले दिवस मठात जावेत, एवढीच इच्छा आहे.

कुणाची इच्छा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

बाबांनी तात्यांकडे पाहिलं. सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. उपरण्याचं टोक तोंडावर घट्ट धरलेलं.

“मौन कधीपासून?”

“थोरल्या नातीच्या साखरपुड्यापासून.”

“त्या दिवशी काय झालं?”

“काही नाही...”

बाबा कुटायचे थांबले.

झालं होतं. ते हैबतरावांना चांगलं आठवत होतं. भर पंगतीत तात्या व्याह्यांशी कौतुकानं बोलायला गेले आणि तोंडातला घास उडून व्याह्यांच्या पानात पडला. पंगत हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते हैबतराव. वर म्हणाले होते, तात्या, यापुढे तुम्ही तोंड बंद ठेवलेलंच बरं.

बापानं ऐकलं होतं लेकाचं.

बाबा सरकत तात्यांजवळ गेले. आधी स्वतःचं बोळकं उघडून मनमुराद हसले. मग हलकेच उपरणं बाजूला केलं. आत दोन खुंट उरले होते आणि हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या.

“म्हातारा दुखतं म्हणाला नाही कधी?”

म्हणाले होते, मौन धरायच्या आधी. तोंड सुजून रात्र रात्र कण्हत होते. म्हातारपणी दात जायचेच, दाढेत लवंग धरा, असं घरातून सांगितलं होतं. हैबतरावांना उगाच राग आला.

“घरात कशाला कमी नाही, बाबा. चणे आहेत तर दात नाहीत. त्याला मी काय करणार?”

बाबांनी खलबत्ता जवळ ओढला. भाकरीचा चतकोर खलबत्त्यात टाकला, गूळ टाकला, दाण्यांबरोबर मऊ कुटला आणि मुठीएवढा लाडू वळून तात्यांच्या हातावर ठेवला.

तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पाठ हलत राहिली. बराच वेळ... मग त्यांनी तळहात चाटला, बोटं चाटली आणि तसंच भिंतीकडे बघत विचारलं,

“अजून हाय का?”

वर्षभरात हैबतरावांनी बापाचा ऐकलेला हा पहिला शब्द. त्यांचा हात तात्यांच्या पाठीकडे गेला. पण तेवढ्यात मठाच्या दारात उभी असलेली गावची चार माणसं त्यांना दिसली.

ते घाईनं पुढे झुकले. आवाज खाली आणून म्हणाले की उद्याच तालुक्याला नेतो, दातांच्या डॉक्टरला दाखवतो, लागेल ती कवळी बसवतो.

“पण बाबा... गावाला काय सांगू? दीक्षा तर झाली पाहिजे.”

केरोबाबा उठले. नारळाशेजारची छाटी उचलली, घडी मोडली आणि हैबतरावांच्या खांद्यावर नीट पांघरली.

“मला कशाला, बाबा?”

बाबा खलबत्त्याशी जाऊन बसले. दुसरा चतकोर आत टाकला.

“म्हाताऱ्याचे नुसते दात सुटले रे. माया सुटली ती तुझी.”