दादांचं ताट

"...मग रक्त एकच, तर पाय माझाच का?"

विश्वंभरराव देशमुखांनी विचारलं आणि पट्टी बांधलेला डावा पाय मठाच्या ओसरीवर लांब केला.

अक्का चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी एक बुटुक फोडलं, चिंचोका बाजूला टाकला, पुढचं घेतलं.

बालाघाटातल्या टेकडीवरचा हा लहानसा मठ. जुने महाराज गेले तेव्हा गादीवर कोणी बसायचं म्हणून शिष्य भांडले आणि पांगले. अक्का तेवढ्या राहिल्या. गादी झाडतात, तिच्यावर बसत मात्र नाहीत. माणसं लांबून लांबून त्यांच्याकडे येतात आणि बरीचशी तोंड पाडून परत जातात, कारण अक्कांना गोड बोलता येत नाही. तरी पुन्हा येतात, हे विशेष.

देशमुखांना पायथ्यापासून जीपने आणलं होतं. शेवटच्या चढाला दोन गड्यांनी बगलेत हात घालून वर घेतलं. त्या चढावर पायापेक्षा दुसरंच काही त्यांना जास्त दुखलं. हाच चढ पीतांबर दर एकादशीला पायी चढून येतो, असं गड्यांपैकी एकजण सहज बोलून गेला होता.

पीतांबर म्हणजे त्यांचा जुळा भाऊ.

"ऐकताय ना, अक्का?"

"ऐकतीय. बोल."

"एका आईच्या पोटी, एकाच दिवशी जन्मलो. आमच्या वडिलांना, दादांना, साखरेचं दुखणं होतं. ते मला आलं, हे मी समजू शकतो. खाण तशी माती. पण मग माती दोघांची एकच नको का? माझा अंगठा कापला. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर पाऊल जाईल. आणि तो..."

पुढचं त्यांनी गिळलं.

"आन् त्यो?"

"परवा एका लग्नात दिसला. नातवाला खांद्यावर घेऊन मांडवात नाचत होता! लोक मला विचारतात, हे तुमचे धाकटे बंधू का? अक्का, तो माझ्या आधी जन्मलाय!"

अक्कांना हसू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

देशमुख लाल झाले. राग म्हणावा, तर राग नव्हता तो. त्या मांडवात त्यांनी आपलंच कपाळ, आपल्याच भुवया, आपलंच नाक दुसऱ्याच्या ताठ मानेवर पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखत होतं. चार गावांत मान असलेला माणूस, आणि हेवा करायचा कोणाचा, तर खडकाळ रानात शेळ्यांमागे फिरून वाढलेल्या भावाचा! सांगायची लाज वाटत होती आणि सांगितल्याशिवाय घास उतरत नव्हता. म्हणून तर टेकडी चढून आले.

"दोघांतलं कोणतं लेकरू मावशीला द्यायचं, हे कसं ठरलं?" अक्कांनी विचारलं.

"मावशीला मूलबाळ नव्हतं. इकडं आईला दोघांपुरतं दूध नव्हतं. मी अंगानं भरलेला होतो, तो नुसता काटकुळा. घरातले म्हणाले, हे काही जगायचं नाही. हेच द्या दत्तक."

"आन् जगणारं ठिवलं."

"हो."

"लई शहाणी माणसं."

हे कौतुक की टोमणा, देशमुखांना कळेना.

"दादा गेल्यावर काय काय आलं तुझ्याकडं?"

"सगळंच. घर, जमीन, गावचा मान."

"आन् ताट?"

देशमुखांची मान आपोआप वर झाली. ते ताट पंचक्रोशीत ठाऊक होतं. चांदीचं, जाड काठाचं, काठावर दादांचं नाव घातलेलं. त्या घराची रीतच तशी होती. बापाचं वर्षश्राद्ध झालं की मुलाने बापाच्या पाटावर बसायचं, बापाच्या ताटात जेवायचं, आणि त्यात वाढायचं ते बापाच्याच मापाने. तुपात बुडवलेल्या पोळ्या, बासुंदीची मोठी वाटी, वरून साखर घातलेली साय, आणि हात धुतला की थेट झोपाळा. यातलं काही कमी वाढलं तर ताटाचा नाही, दादांचा अपमान. दादांची दृष्टी शेवटी शेवटी गेली होती. तरी ते बोटांनी चाचपून बासुंदीची वाटी बरोबर ओळखायचे. घरात अजून हे कौतुकाने सांगतात.

"रोज त्यातच जेवतोस?"

"रोज. दवाखान्यातून आलो त्या दिवशीसुद्धा. डॉक्टर म्हणतो हे बंद करा, ते बंद करा. त्याला काय जातंय म्हणायला! ते ताट सोडलं तर मी दादांचा मुलगा कशाचा?"

हे मात्र खरं होतं. बापावर त्यांचा जीव होता, आणि तो दाखवायची त्यांना दुसरी रीत कोणी शिकवली नव्हती.

अक्का चिंचा फोडत राहिल्या...

"अक्का, मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. हे दुखणं रक्तातून येतं की ताटातून? कारण रक्तातून येत असेल, तर..."

"तर?"

"तर ते त्यालाही यायला पाहिजे!"

बोलून गेले. शब्द ओसरीवर पडला तो पडलाच, आता उचलायचा कसा?

"त्याला हाय," अक्का म्हणाल्या. "तुझ्या आधीपासनं."

"काय?"

"साखर. त्याला बी हाय."

देशमुखांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. त्यांनी घाईघाईने तोंडावरून हात फिरवला, पण उशीर झाला होता. अक्कांनी पाहायचं ते पाहिलं होतं.

"दुखायचा थांबला का पाय?"

देशमुखांनी खाली पाहिलं. सख्ख्या भावाचं दुखणं ऐकून आपल्याला इतकं बरं वाटावं, याची त्यांना शरम वाटली. पण बरं वाटलं होतं, हेही खोटं नव्हतं.

"मग त्याचा अंगठा कसा शाबूत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मावशीच्या घरात भाकर बेताची. पाणी खालच्या झऱ्यावरनं वर आणायचं. गोड म्हंजी सणाला गुळाचा खडा. आन् एक गोष्ट त्यो सांगतो. दुसऱ्याच्या घरात वाढणाऱ्या लेकराला, आणखी वाढ, असं म्हणायची लाज वाटती. मावशी चांगली व्हती, तरी वाटायची. डॉक्टर 'नको' म्हणाला, ह्यानं मान हलवली. लहानपणापासनं मनाला 'नको' म्हणायची सवय!"

"आणि मी?"

"तुला कोण 'नको' म्हणालं?"

देशमुख आठवू लागले. दादा? छे. आजी? आजी तर पदराखालून पेढा द्यायची. आई... आईचा हात त्यांना आठवला. ताटात एक पोळी वाढून झाली की तो हात क्षणभर थांबायचा आणि मग दुसरी वाढायचा. ती दुसरी कोणाच्या वाटची होती, हे त्यांना आज, या वयात, या ओसरीवर कळलं. देऊन टाकलेल्या लेकराचा घास आई त्यांनाच भरवत आली होती.

त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं.

"त्यो बी हितंच बसून रडलाय," अक्का म्हणाल्या.

"पीतांबर? त्याला कशाचं रडू?"

"तुझा हेवा."

"माझा?" देशमुखांनी आपल्या पट्टीकडे पाहिलं.

"म्हणला, अक्का, विश्वाला दादांचं ताट मिळालं. मला दादांचं काय मिळालं? नुसतं दुखणं."

"म्हणून निरोपावर निरोप पाठवतोय होय! 'दादांच्या श्राद्धाला येऊ का?' मी 'नाही' म्हणूनच कळवलं."

"श्राद्ध कधीय?"

"सोमवारी."

"मग बोलव की."

"कशाला?"

"बोलव. दादांच्या पाटावर बसव. त्याच ताटात वाढ, दादांच्याच मापानं. आग्रह कर. दुसऱ्या दिवशी परत बोलव, तिसऱ्या दिवशी परत. वरीसभर जेवू घाल." अक्कांनी आणखी एक बुटुक फोडलं. "मग बघू, मांडवात कसा नाचतो त्यो. तुझ्या मनासारखं हुईल."

"नाही!"

असा ओरडा झाला की खाली थांबलेले गडी धावत वर आले. देशमुखांनी त्यांना हातानेच परत पाठवलं.

"दत्तक गेलेल्याला बापाच्या पाटावर बसायचा हक्क नाही. शास्त्रात नाही, आमच्या घरात नाही. बाकी काय पाहिजे ते न्यायला सांगा त्याला. ते ताट माझं आहे. जीव गेला तरी देणार नाही!"

"जीव गेला तरी?"

"गेला तरी!"

...

आपलाच आवाज आपल्या कानावर आला, तसे देशमुख थांबले. भावाला जे व्हावं म्हणून आपण टेकडी चढून आलो, ते एका ताटात वाढून होणार होतं. आणि ते ताटच आपल्याला सोडवत नाही. त्यांना घाम फुटला. क्षणभर वाटलं, उठावं, खाली जावं आणि आजच ते ताट नदीत टाकावं.

पण देशमुखी अशी एका दुपारीत थोडीच उतरते! त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं आणि मान पुन्हा वर केली.

"शिवाय ते काही माझ्या एकट्याचं नाही, अक्का. माझ्यानंतर ते श्रीरंगाचं आहे. एकुलता एक मुलगा. सूनबाईंना मी आताच सगळी मापं सांगून ठेवलीत. आता तोही माझ्या शेजारीच बसतो, त्याच मापाने जेवायला."

अक्कांचे हात थांबले. त्यांनी चिंचांची पाटी बाजूला सारली.

"अंगानं कसाय रे श्रीरंग?"

"भरलेला!" देशमुख हसले. आल्यापासून पहिल्यांदाच मनापासून हसले. "अगदी माझ्यावर गेलाय."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या...

"त्याला मावशी हाय का?"