पूल की काड्या

“बाई, ‘हाशी’ म्हणजे काय हो?”

मिरजकर बाई फळा पुसता पुसता थांबल्या. निरोपाचा समारंभ नुकताच आटोपला होता. कोल्हापूरच्या त्या कॉलेजात एकतीस वर्षं त्यांनी जपानी शिकवली होती.

दारात निनाद चौगुले उभा होता. त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. नऊ वर्षं टोकियोत दुभाषाचं काम करून परतलेला. उद्यापासून बाईंचा वर्ग तोच घेणार होता.

“पूल,” बाई म्हणाल्या. “नाहीतर जेवायच्या काड्या.”

“आणि उच्चार?”

“दोन्हींचा एकच.”

“एकच नाही, बाई! ‘हा’वर सूर चढवला तर काड्या. ‘शी’वर चढवला तर पूल.”

मग त्याने सगळं सांगून टाकलं. टोकियोतली पहिलीच मोठी बैठक. नदीवरच्या पुलाचं काम, समोर तीस इंजिनीअर. निनादने मोठ्या ऐटीत पहिलं वाक्य सांगितलं आणि सगळी खोली हसली. नदीवर जेवायच्या काड्या टाकू, असं तो म्हणाला होता.

ते हसू नऊ वर्षं त्याच्या कानातून गेलं नव्हतं.

“तुम्ही जपानला कधी गेलाच नाहीत.”

“नाही रे. जमलंच नाही.”

“पुस्तकांवरून शिकलात आणि तेच आम्हाला शिकवलंत. कधी लाज नाही वाटली?”

“रोज वाटायची.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर यायचे.”

बाईंनी डस्टर ठेवलं. हातांवरची खडूची पूड झटकली आणि त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. पिशवीतून वही काढली, पेन काढलं.

“म्हणून दाखव.”

तो अवघडून फळ्याजवळ उभा राहिला. म्हणाला. बाई त्याच्यामागून म्हणाल्या. चुकलं.

“परत,” बाई म्हणाल्या.

पुन्हा चुकलं. बाईंनी वहीत अक्षरावर वर जाणारी एक रेघ काढली आणि तिच्यावरून बोट फिरवत पुन्हा म्हणून पाहिलं. एकतीस वर्षांची जिभेची सवय. सूर दर वेळी ‘हा’वरच चढायचा. दहा वेळा झालं, पंधरा वेळा झालं. बाईंच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. समारंभात कुणीतरी माळलेला अबोलीचा गजरा सुटून खांद्यावर आला होता, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

निनादचा राग कधी ओसरला ते त्यालाच कळलं नाही. जपानीचं पहिलं अक्षर ह्याच बाईंनी त्याच्याकडून गिरवून घेतलं होतं. चाळीस वेळा. न चिडता.

“बाई, राहू दे आता. उद्यापासून तुम्हाला कुठे वर्ग घ्यायचाय?”

“म्हण.”

तो म्हणाला. बाई म्हणाल्या.

काड्याच.

“आलं, बाई,” निनाद हलकेच म्हणाला. “आता अगदी बरोबर आलं.”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“बरोबर आलं, की तुला माझी दया आली?”

निनादची नजर खाली गेली…

बाईंनी वहीचं नवं पान उलटलं.

“मग पुन्हा म्हण.”