आंबेखोऱ्याची येसाक्का

पणजीच्या पणजीनं पाहिलेली ही गोष्ट. तेव्हा आंबेखोऱ्यात येसाक्का राहायची, हाडं बसवणारी. नुसत्या तळहातानं ती मुकं हाडही बोलतं करायची, असं म्हणतात.

त्या वर्षी धोंडजी विणकराची नऊ वर्षांची ठकू बांधावरून पडली. घोटा सुजला. सूज आठवड्यात उतरली, पण उजवा पाय काही उचलेना. ती तो ओंडक्यासारखा ओढत चालायची. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे. कुणी म्हणालं, पोरगी ढोंग करते. शेवटी पायाला डाग द्यायचं ठरलं. चुलीत विळा लाल झाला, तेवढ्यात येसाक्का आली.

"आधी मी बघते," ती म्हणाली आणि विळा पाण्यात बुडवला.

तिनं ठकूला घोंगडीवर निजवलं आणि उजव्या टाचेखाली धोंडजीचा हात सरकवला. "ठकू, हा पाय खाली दाब." टाच दबेना. "बरं. आता डावा पाय वर उचल." ठकूनं डावा उचलला, आणि उजवी टाच आपसूक बापाच्या तळहातात रुतली.

धोंडजी दचकला. "म्हणजे ढोंगच की, आक्का?"

"ढोंग नाही. तिला खरंच जमत नाही."

"मग माझा पाय ऐकत का नाही?" ठकूनं विचारलं.

"जोर शाबूत आहे, बाळा. तू चालायचं म्हणून पायाकडं बघतेस, तेव्हा तो गोंधळतो. त्याला पुन्हा वळण लावू."

दुसऱ्या दिवसापासून ठकू गाणं म्हणत उलटं चालू लागली. मागं जाताना पाय ओढतच नव्हता. मग फुगडी, मग दोन पावलं पुढं. घरच्यांना ताकीद होती, पायाची चौकशी करायची नाही, पोरीला कामाला आणि खेळाला घ्यायचं. मधेच पाय जड व्हायचा. येसाक्का पुन्हा गाणं धरायची.

एकविसाव्या दिवशी ठकू देवटेकडी उलटी चढली आणि धावत उतरली. तिच्या पावलांखाली कातळ लोण्यासारखा मऊ झाला, असं म्हणतात.

मग बारा गावांहून मुलं येऊ लागली. दुसरा पाय उचलूनही ज्याची टाच गप्प राही, त्याला ती सरळ शहरच्या वैद्याकडं धाडायची. "हे माझ्या हातचं नाही," म्हणायची.

येसाक्का जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या. पण चैत्री पुनवेला आजही अख्खं गाव देवटेकडी उलटं चढतं, एकमेकांना धरून, हसत. वर पोचलं की ज्या घरचं मूल आजारी असेल, त्याला मधे बसवतात. मग सगळं गाव त्याला एका सुरात सांगतं, "तुझं दुखणं खरं आहे, आणि तू बरा होणार आहेस."