रेघेचे दुसरे टोक

एकदा एक शिष्य स्वतःच्या विद्येवर इतका खूश झाला, की त्याने लग्न करायचे ठरवले.

त्याचे वृद्ध आचार्य आलेखांचे शास्त्र शिकवीत. माणसे म्हणजे ठिपके आणि त्यांचे संबंध म्हणजे ठिपके जोडणाऱ्या रेघा. दिवाळीच्या सकाळी शिष्याने आश्रमाच्या अंगणात रांगोळीने अख्खे गाव मांडले आणि स्वतःच्या ठिपक्यापासून तेलाच्या व्यापाऱ्याच्या कन्येपर्यंत एक ठसठशीत रेघ ओढली.

"आचार्य, संबंध तर सिद्धच आहे. आपण फक्त मागणी घालायला चला."

"ही रेघ कोणत्या प्रकारची?"

"रेघ ती रेघ! तिच्यात कसले आले प्रकार?"

आचार्यांनी फराळाची तीन ताटे भरली. "एक कुंभाराकडे दे, एक सावकाराकडे. तिसरे घेऊन आश्रमाला वळसा घाल, इथेच परत ये आणि तूच खा."

म्हातारबुवांचे आता वय झाले, शिष्य मनात म्हणाला. पण चकल्या खुसखुशीत होत्या, म्हणून त्याने आज्ञा तंतोतंत पाळली.

रिकामे ताट परत पाठवू नये, ही गावची रीत. दुपारी कुंभाराचे ताट करंज्यांनी भरून आले. सावकाराचे आले ते धुऊनपुसून, कोरडे ठणठणीत.

आचार्य म्हणाले, "कुंभाराशी आपली रेघ साधी, दोन्हीकडून चालणारी. सावकाराच्या रेघेला बाण काढ. चकल्या तिकडे जातात, इकडे काही येत नाही. आता सांग, त्या मुलीला तुझे नाव ठाऊक आहे?"

"नाही."

"ती तुझ्याशी कधी बोलली?"

"एकदा. 'बाजूला व्हा, तेल सांडेल' म्हणाली."

"तुझ्याकडे पाहून?"

"डब्याकडे पाहून."

"मग या रेघेचे दुसरे टोक कुठे आहे?"

शिष्याची नजर तिसऱ्या ताटाकडे गेली. त्यात चार कण उरले होते, तेही त्याचेच. त्याला फार वाईट वाटले. त्याने ती रेघ पुसली आणि आपल्याच ठिपक्यातून निघून आपल्यातच परतणारे एक वेटोळे काढले.

"आचार्य, याची रेघ कशी करायची?"

आचार्यांनी करंज्यांचे ताट पुढे सरकवले. "घेऊन जा. आधी नाव सांग. आणि ताट तिथेच ठेवून ये."

तो गेला, अडखळत नाव सांगितले आणि रिकाम्या हाताने परतला. मग वेटोळे पुसून त्याने व्यापाऱ्याच्या घराकडे एक छोटासा बाण काढला. साधी रेघ ओढणे एकट्याच्या हाती नसते, हे आता त्याला कळले होते.

आपणही कुणाला 'आपले' म्हणण्याआधी पलीकडच्या ठिपक्याला एकदा विचारावे.