पाण्याखालचा दमसास

"...पण बाई, गवयानं समुद्राच्या तळाशी जायचंच कशाला?"

शंतनूच्या केसांतून पाणी गळत होतं. रबराचा तो काळा पोशाख अर्धा अंगात होता, अर्धा कमरेला लोंबत होता. डोळ्यांभोवती चष्म्याचा लाल वळ उठला होता.

बाई होडीतल्या फळीवर, ताडपत्रीच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांनी पदरानं मानेवरचा घाम टिपला.

"आलास इतक्यात?"

"आलो नाही. काढलं मला वर! पोटात बोट खुपसून, मांजराच्या पिल्लासारखं मानगुटीला धरून वर काढलं!"

"कोणी?"

"त्या पोरीनं!"

बाईंनी मान डोलावली. एवढंच.

आता हे कोण, कुठले, ते सांगायला हवं. बाई म्हणजे शेवंताबाई हरमलकर. त्यांचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. शंतनू दाबके त्यांचा शिष्य. मी दत्ताराम, तबल्याला.

एका क्रूझ कंपनीनं आम्हाला बोलावलं होतं. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपची बेटं बघायची, आणि शेवटच्या संध्याकाळी जहाजावर बाईंचं गाणं. जहाज कसलं, तरंगतं मंगल कार्यालय! जिकडे बघावं तिकडे माणसं हातात ताटं घेऊन उभी. गाण्याच्या हॉलला लागून आइस्क्रीमचं काउंटर. ते बघून माझं डोकंच फिरलं होतं.

बाईंचा आवाज जहाजावर चढल्यापासून बसला होता. वाऱ्यानं असेल, वयानं असेल. त्यांच्या जागी आपणच गाणार हे शंतनूनं धरूनच टाकलं होतं. बाईंनी मात्र अजून हो म्हटलं नव्हतं. आणि ही गोष्ट साधी नव्हती. आमच्यात गुरूनं आपली बैठक शिष्याच्या हाती दिली, म्हणजे आपल्यामागे गाणं त्याच्या हाती दिलं. नाही दिली, तर शिष्यानं पुन्हा मागे बसून तंबोरा छेडायचा, आणि सगळ्या जगानं ते बघायचं.

शंतनूचा दमसास गाजलेला. एका श्वासात तान घ्यायचा, ती संपायचीच नाही. लोक कानात प्राण आणून बसायचे, आणि तान समेवर आली की टाळ्यांचा कडकडाट. बाई कधी दाद देत नसत. "म्हातारीच्या पोटात दुखतं," असं तो एकदा माझ्याजवळ बोललाही होता. तेव्हा मला त्याच्या एक कानफटात द्यावीशी वाटली होती.

कारण मला वेगळंच ऐकू यायचं. तानेच्या आधी तो जो श्वास ओढायचा, तो मला ठेक्याच्या वरून ऐकू यायचा. उपाशी माणसानं ताट ओढून घ्यावं तसा. बाई श्वास कधी घेतात, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. पण तबलजीला कोण विचारतो? मी आपला ठेका धरून गप्प.

आदल्या दिवशी डेकवर डायव्हिंगच्या सामानाची तपासणी चालली होती. रेश्मा तांडेल, प्रवाशांना पाण्याखाली नेणारी मालवणकडची मुलगी, टाकीला जोडलेली नळी तोंडात धरून श्वास घेत होती, सोडत होती. बाई तिच्याजवळ खुर्ची ओढून तो श्वास ऐकत बसल्या. जेवणाची वेळ झाली तरी उठल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, "शंतनू, तू खाली जाऊन ये. मग आजच्या बैठकीचं बघू."

म्हणून ही होडी, आणि म्हणून हा तमाशा.

रेश्मा शिडी चढून वर आली. ती शंतनूपेक्षा जास्त तापली होती.

"आजी, हेंका मी वरती बजावून सांगितलंय. दम धरूचो नाय. घेत र्‍हवाचो, सोडीत र्‍हवाचो. हे खाली गेले आणि बुडबुडे बंद! मी खूण करतंय, तर माका हातान थांब म्हणतत, आणि बोटांवर कायतरी मोजतत!"

"काय मोजत होतास?" बाईंनी विचारलं.

शंतनू जरा घुटमळला.

"तीनताल. या लोकांनी विचारलं होतं, किती वेळ दम धरता म्हणून. मी म्हटलं, खाली जाऊन दाखवतो."

होडीतल्या चार-सहा प्रवाशांनी इकडेतिकडे बघितलं. निघताना यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या. आता एकेकाला क्षितिज फार आवडायला लागलं.

"मग? कुठवर गेलास?"

"चौदाव्या मात्रेवर होतो, बाई! तिसरं आवर्तन, चौदावी मात्रा. सम पुढ्यात होती. आणि हिनं पोटात बोट खुपसलं!"

"दम भायर काढूक खुपसूचाच लागला," रेश्मा म्हणाली. "भरलेलो दम घेऊन हे तसेच वर इले असते, तर छाती फाटली असती. खालची हवा वरती येताना फुगता. हे मी सांगितलंय की नाय? इचारा हेंका."

"सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं. पण ते सर्वसाधारण माणसांसाठी असतं."

बाईंना हसू आलं असेल असं मला वाटलं. आलं नव्हतं. त्यांचा चेहरा तंबोरा जुळवताना असतो तसा होता.

"खाली काय ऐकलंस?"

"पाण्यात काय ऐकणार?"

"मासे तरी बघितलेस?"

"मी मोजत होतो, बाई! सांगतोय ना!" त्याचा आवाज चढला. माझ्यासमोर तो बाईंशी असा कधी बोलला नव्हता. "तुम्ही मुद्दाम पाठवलंत मला. चारचौघांत माझं हसं व्हावं म्हणून."

"मुद्दाम पाठवलं, हे खरं आहे."

"का?"

बाईंनी रेश्माकडे हात पुढे केला.

"मुली, ती नळी दे जरा."

रेश्मानं बाटलीतल्या गोड्या पाण्यानं नळीच्या तोंडाचं रबरी बोंड धुतलं आणि बाईंच्या हातात दिलं. बाईंनी कवळी नीट बसवली, बोंड तोंडात धरलं आणि डोळे मिटले.

पांढऱ्या सुती लुगड्यातली म्हातारी, कपाळावर गोंदण, तोंडात नळी. एका प्रवाशानं फोन वर केला. मी त्याच्यासमोर हात धरला. लाज वाटायला पाहिजे होती त्याला, पण उलट तोच माझ्यावर डाफरला.

श्वास आत गेला... बाहेर आला.

आत गेला... बाहेर आला.

कुठे खेच नव्हती, कुठे घाई नव्हती. बाईंच्या अंगठ्याचं टोक मात्र गुडघ्यावर किंचित हलत होतं. त्यांनी नळी काढली, तोंड पुसलं.

"रेश्मा, याला परत खाली ने."

"मी जाणार नाही," शंतनू म्हणाला.

"याचे दोन्ही हात धरून ठेव. मोजायला बोटं मोकळी सोडू नकोस."

"बाई, मी जाणार नाही म्हणतोय!"

"बरं. मग संध्याकाळी तंबोऱ्यावर बस."

शंतनूनं माझ्याकडे बघितलं. मी कोणाची बाजू घेणार? संतापानं त्याची मान लाल झाली होती. त्यानं तो पोशाख असा काही खसकन वर ओढला की चेनच निसटली. रेश्मानं ती नीट लावून दिली. मग दोघं पाठमोरे पाण्यात गेले.

बाई कठड्याला रेलून खाली बघत राहिल्या.

आधी बुडबुडे एकदम आले, ढीगच्या ढीग. मग काही नाही. मग पुन्हा ढीग.

"भांडतोय अजून," बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं बुडबुडे लहान झाले. मग सारखे यायला लागले. मी सवयीनं मांडीवर ठेका धरायला गेलो, तर बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

तो वर आला तेव्हा त्यानं कोणाकडे बघितलं नाही. रेश्मा म्हणाली, "आता बरा केल्यानी." तेही त्यानं ऐकलं नसावं. टॉवेल घेऊन होडीच्या टोकाला जाऊन बसला. जहाजाला लागेपर्यंत तिथेच.

दुपार कलली. हॉलमध्ये बैठक घातली होती. आइस्क्रीमचं काउंटर तिथेच होतं, मी भांडूनसुद्धा. मॅनेजर म्हणाला, "लोकांना सोयीचं पडतं, सर." मी तबला पुढ्यात ओढला, हातोडी घेतली, आणि तसाच बसून राहिलो. कोणाच्या सुरात लावू?

बाई तक्क्याला टेकून बसल्या होत्या.

शंतनू आला तो दार धाडकन ढकलूनच.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत, बाई."

बाईंनी मान वर केली.

"खाली दुसरं काहीच नव्हतं. लोक नव्हते, तबला नव्हता. बोटंसुद्धा नव्हती. नुसता माझा श्वास. आणि काय घाणेरडा आवाज होतो त्याचा! हपापलेला. कोणाच्या तरी हातातलं हिसकावून घेतल्यासारखा. मला वाटलं, नळी बिघडली. मग लक्षात आलं, मीच आहे. गातानाही असाच होतो? प्रत्येक तानेच्या आधी?"

तो माझ्याकडे वळला. "दत्तारामकाका, खरं सांगा. होतो?"

इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"होतो," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला, आणि लगेच पेटला.

"तुम्हाला ऐकू येत होतं! दोघांनाही! इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून ऐकत होतात, आणि एकदा, एकदा तरी सांगायचं होतंत! हा कसला गुरू? शिष्याचा खोट असलेला माल बाजारात फिरू देतो आणि गंमत बघतो?"

मला चीड आली. मी काही बोलणार, तेवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं होतं."

"केव्हा?"

"प्रत्येक मैफलीत. टाळ्या चालू असायच्या."

बाहेर कोणीतरी हॉल कधी उघडणार म्हणून विचारत होतं. मॅनेजर दारातून डोकावला आणि आमचे चेहरे बघून परत गेला.

शंतनू मटकन खाली बसला. रागानं त्याला रडू फुटलं होतं आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं.

"आता सांगून काय उपयोग? मला गाताच येणार नाही, बाई. आत्ता खोलीत सा लावून बघितला. तोंड उघडायच्या आधी तोच आवाज कानात येतो. मी थांबतो. तो ऐकू येणार नाही असा श्वास घ्यायला बघतो, तर अर्धाच मिळतो. त्या अर्ध्यात तान कुठली बसायला? चार सूर जेमतेम बसतात. तेही भीत भीत. जे होतं तेही तुम्ही काढून घेतलंत. बाहेर ती माणसं ताटं घेऊन उभी आहेत, त्यांना काय चार सूर ऐकवू? सांगा त्या मॅनेजरला, सिनेमाची गाणी लाव म्हणावं. मी तंबोऱ्यावर बसतो. नाहीतर तेही नको. मी खोलीत जातो."

तो उठला.

"चार सूर बसतात?" बाईंनी विचारलं.

"चारच."

"ऐकव."

"नाही जमणार."

"ऐकव रे."

तो दाराशी उभा होता, अर्धवट पाठमोरा. मग सा आला. आधी काहीच ऐकू आलं नाही, श्वाससुद्धा नाही, आणि मग सा होता. रे. ग. ग वर तो जरा थांबला. तिथून पुढे गेला नाही, परत सा वर आला आणि गप्प झाला.

"बघितलंत?" तो चिडून म्हणाला. "एवढंच. चारसुद्धा नाहीत!"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"दत्ताराम, तबला याच्या सुरात लाव. आज हा पहिल्यांदा गाणार आहे."