माळेगणिक एक पळी

जिवतीबाई, भिंतीवर बसल्या आहात, तर जरा कान इकडे द्या. बायांनो, अक्षता हातात घ्या. कहाणी जिवतीची आहे आणि तुमचीही आहे.

एक नगर होतं, चारी बाजूंनी आटपाट. त्या नगरात एक घर होतं. घरात सासू होती, सून होती, सुनेची पाच वर्षांची लेक होती. सुनेचं नाव भिवरा, लेकीचं नाव सोनकी. भिवरेचा नवरा व्यापाराला परगावी गेलेला. भिवरा शहाणी होती, पण सून होती. म्हणून तिचं शहाणपण पदराच्या गाठीला असायचं, तोंडावर यायचं नाही.

त्या घरचा नेम कडक. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. नैवेद्य होईतो मोठ्या माणसांनी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. लेकरांना तेवढी सूट. मग काय झालं? पहिल्या शुक्रवारी घरात हरभऱ्याची डाळ नव्हती. भिवरेनं गूळखोबरं दाखवलं, हात जोडले. सासू ते मनात धरून बसली.

मग दुसरा शुक्रवार आला. आदल्या संध्याकाळपासून सोनकीचं पोट बिघडलं. विहीर गढूळ झालेली, आळीतली चार पोरं हगवणीनं पडलेली. सोनकी दोनदा ओकली, पाचदा परसात गेली. मग भिवरेनं मोजणं सोडलं.

सकाळी सोनकी म्हणाली, "आई, पाणी." भिवरेनं तांब्या उचलला. सासू म्हणाली, "ठेव खाली. वरून ओतशील तर खालून वाहील. पाणी तोड, म्हणजे जुलाब थांबतील." भिवरेनं तांब्या खाली ठेवला.

मग घटकाभरानं सोनकी म्हणाली, "आई, पाणी." भिवरेनं तांब्या उचलला. सासू मीठमोहऱ्या ओवाळत होती. म्हणाली, "ही दृष्ट आहे. दृष्ट उतरेतो पाणी देत नसतात." भिवरेनं तांब्या खाली ठेवला.

मग आणखी घटकाभरानं सोनकी म्हणाली, "आई, पाणी." भिवरेनं तांब्या उचलला. सासू म्हणाली, "तुला कळत कसं नाही गं? गेल्या शुक्रवारी देवीला पुरणावाचून ठेवलंस. देवी कोपली. आज पोरीचाही उपास धर. नैवेद्य झाला की तीर्थ दे." भिवरेनं तांब्या खाली ठेवला आणि ती चुलीपाशी गेली.

चुलीवर डाळ शिजत होती. म्हणजे शिजत नव्हती. डाळ जुनी निघाली. दाणा बोटांत दाबला, कडक. आणखी लाकूड घातलं, पुन्हा दाबला, कडक. उन्हं ओट्यावर आली, ओटा उतरून अंगणात गेली, तरी दाणा कडक. डाळ शिजली की पुरण, पुरण झालं की नैवेद्य, नैवेद्य झाला की पाणी. भिवरा फुंकणी फुंकत होती आणि कान सोनकीकडे लावून होती. आधी सोनकी रडत होती. मग कुरकुरत होती. मग गप्प झाली. सासू म्हणाली, "बघ, उतार पडला." भिवरेला ते गप्प होणं बरं वाटलं नाही.

मग सोनकी उठली. परसात जायला निघाली. उंबऱ्यापाशी तिनं भिंत धरली. ओठ पांढरे झाले, डोळे वर गेले, आणि पिळून टाकलेल्या लुगड्यासारखी ती खाली घसरली.

भिवरा सोवळ्यात होती. सोवळ्यानिशी धावली. पोर सरळ निजवली. हातपाय गार, डोळे खोल गेलेले. हाक मारली, ओ नाही. दुसरी हाक मारली, ओ नाही. भिवरेच्या मनात आलं, तांब्या माझ्याच हातात होता. तीनदा उचलला मी आणि तीनदा मीच खाली ठेवला.

सासू धावत आली. म्हणाली, "रडू नकोस. ही घेरी नव्हे. आज शुक्रवार आहे, पोर कुमारिका आहे. देवी अंगात आली." तिनं सोनकीला कुंकू लावलं, समोर बसून हात जोडले. तोवर सोनकीनं डोळे किलकिले केले.

सासूनं विचारलं, "आई जिवती, आमचं काय चुकलं?" सोनकी म्हणाली, "पाणी." सासूनं विचारलं, "पुरण हवं का?" सोनकी म्हणाली, "पाणी." सासूनं विचारलं, "खणानारळानं ओटी भरू का?" सोनकी म्हणाली, "पाणी."

मग भिवरेनं पदराची गाठ सोडली. म्हणाली, "आत्याबाई, देवीनं तीनदा मागितलं. आता तुमचं ऐकू की देवीचं?"

सासू बाजूला सरकली. भिवरेनं फुलपात्र भरून सोनकीच्या तोंडाला लावलं. सोनकी घटाघटा प्यायली. प्यायली तशी सगळं ओकली. सासू पुन्हा पुढं आली. म्हणाली, "बघ. देवीनं पाणी परत केलं."

"देवीनं नाही गं, पोटानं परत केलं," असं दारातून कुणी म्हणालं. बघतात तर ओट्यावर एक म्हातारी बसलेली. कपाळाला आडवं कुंकू, गळ्यात आघाड्याची माळ, पाय धुळीनं माखलेले. भिवरा म्हणाली, "आजी, माझी पोर जाते हो. काही उपाय असेल तर सांगा."

म्हातारी म्हणाली, "आधी मी विचारते ते सांग. पोर रडते तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं का?" भिवरा म्हणाली, "नाही." "जीभ ओली आहे का?" भिवरेनं बोट लावून पाहिलं. "नाही." "लघवीला कधी गेली?" भिवरा आठवत राहिली. म्हणाली, "काल दिवेलागणीला."

म्हातारी म्हणाली, "रिकामं भांडं चुलीवर ठेवतेस का?" "नाही, करपेल." "मग पोर कशी ठेवलीस?" भिवरेनं मान खाली घातली. सासूनं दुसरीकडे पाहिलं.

भिवरा म्हणाली, "आजी, चुकलं. मला वसा सांगा." म्हातारी म्हणाली, "सांगेन, पण पाळशील का? सासू नको म्हणाली तर?" भिवरा म्हणाली, "तरी पाळीन." "आळीनं नावं ठेवली तर?" "तरी पाळीन." "मी सांगितलं ते खोटं आहे, असं उद्या मीच येऊन म्हटलं तर?" भिवरेनं सोनकीकडे पाहिलं. म्हणाली, "तरी पाळीन."

म्हातारी हसली. "मग ऐक. पाणी खळखळा उकळावं, निवू द्यावं. तांब्याभर पाण्यात मूठभर साखर घालावी, दोन चिमटी मीठ घालावं. चाखून पाहावं. आसवांपेक्षा खारट लागलं तर टाकून द्यावं, नवं करावं. फुलपात्र तोंडाला लावू नये. देवापुढची पळी घ्यावी. एक पळी द्यावी, थांबावं, दुसरी पळी द्यावी. ओकली तर जरा दम खावा, पुन्हा पहिल्या पळीपासून धरावं. पाणी पोटात ठरेना, जुलाबात रक्त दिसलं, की पोर पुन्हा अशी कोसळली, तर नवससायास करत बसू नये. उचलावी आणि वैद्याच्या दारी न्यावी."

भिवरा म्हणाली, "दोन पळ्यांमध्ये किती थांबू?" म्हातारीनं सासूकडे बोट केलं. "ह्यांच्या हातात जपाची माळ आहे ना? एक माळ पुरी झाली की एक पळी."

सासू म्हणाली, "देवाची माळ, आणि हगवणीला?" म्हातारी म्हणाली, "तुम्ही ती कशाला ओढता एरवी?" सासू म्हणाली, "लेकराबाळांच्या सुखासाठी." म्हातारी म्हणाली, "मग ओढा."

भिवरा पाणी करायला उठली. म्हातारीला आधी हळदकुंकू लावावं म्हणून मागं वळली, तर ओटा रिकामा. कुणी येताना पाहिलं नव्हतं, कुणी जाताना पाहिलं नाही.

मग भिवरेनं पाणी उकळलं, परातीत ओतून निववलं. साखर घातली, मीठ घातलं, चाखलं. शेजारच्या गड्याला वैद्याकडे धाडलं. वैद्य नदीपलीकडे राहायचा, यायला उशीर होता. पहिली पळी जिवतीपुढं ठेवली. म्हणाली, "आज नैवेद्य हाच. रागवायचं तर माझ्यावर रागवा." दुसरी पळी सोनकीला दिली. सासू माळ ओढू लागली.

एक माळ झाली, एक पळी दिली. दुसरी माळ झाली, दुसरी पळी दिली. तिसऱ्या पळीला सोनकी ओकली. सासूनं तोंड उघडलं, भिवरेनं वर पाहिलं. सासूनं तोंड मिटलं आणि माळ पहिल्या मण्यापासून धरली. मग दहा माळा झाल्या, दहा पळ्या झाल्या, पाणी ठरलं. बायका दारात जमल्या. एक म्हणाली, "सोवळं नेसून घाण काढते, ऐकलंत का?" भिवरेनं पळी भरली. दुसरी म्हणाली, "नैवेद्यावाचून चाललंय सगळं." भिवरेनं पळी भरली. तिसरी म्हणाली, "आमच्याकडेही पोर पडलंय. किती साखर घालतेस?" भिवरेनं तिला मूठ दाखवली.

मग सोनकीची जीभ ओली झाली. मग ती रडू लागली, म्हणाली, "पळी नको, फुलपात्र दे." भिवरेनं तिच्या गालावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. भिवरेनं लगेच पुढची पळी भरली, थेंब सांडू दिला नाही.

वैद्य आला. त्यानं नाडी पाहिली, पोट दाबलं, पाणी चाखलं. म्हातारी म्हणाली तेच तोही म्हणाला, "थांबू नका, देत राहा. लघवी झाली की मला कळवा." आणि औषधाची पुडी ठेवून पुढच्या घरी गेला.

मग माळेगणिक पळी, पळीगणिक माळ. ऊन कलतं झालं. सोनकी उठून बसली. म्हणाली, "आई, मला शू लागली."

भिवरेनं तिला उचलून परसात नेलं. सासू माळ टाकून मागून धावली. दोघी जणी पोरीसमोर उकिडव्या बसल्या आणि पाहत राहिल्या. सोनकी म्हणाली, "तिकडं बघा ना." कुणी तिकडं पाहिलं नाही.

मग सासू ओट्यावर आली, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "झाली." बायकांनी विचारलं, "काय झाली? पूजा झाली?" सासू म्हणाली, "पूजा कसली घेऊन बसलात? पोरीला लघवी झाली. कुणीतरी वैद्याला सांगा जा."

दुसऱ्या दिवशी सोनकी पेज प्यायली, तिसऱ्या दिवशी भात जेवली, चौथ्या दिवशी तिनं उलट उत्तर दिलं. भिवरेनं वसा टाकला नाही. आळीतली चारही पोरं उठली.

जशी भिवरेच्या लेकीला जिवती पावली, तशी तुम्हा आम्हा सगळ्यांच्या लेकराबाळांना पावो. जिच्या हातात तांब्या असेल, तिचा हात कुणी धरू नये. जिचा कुणी धरेल, तिला बोलायची वाचा मिळो. सांगायला लांब होती ती कहाणी थोडक्यात सांगितली. ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, इथं ती पुरी झाली.