वीणेचा पहारा

"मला फक्त ताकद द्या, महाराज. दुसरं काही मागत नाही."

"कशासाठी?"

"आबांसाठी," महिपती म्हणाला. "तीन वर्षं वडील अंथरुणावर आहेत. कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं... सगळं मी एकटा करतो. काल उचलताना हातातून सुटले."

"लागलं?"

"कोपराला."

"आत्ता त्यांच्यापाशी कोण आहे?"

"धाकटी भावजय. तासाभरापुरती बसवून आलोय."

भाऊ अंकुश खांबाशी उभा होता. "मी रोज म्हणतो, दादा, सकाळचं मी बघतो."

"तुला त्यांची कूस बदलता येते का?"

"तू कधी हात लावू दिलास?"



देवळात सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा कुणाच्या तरी गळ्यात असते. ती जमिनीला टेकवायची नाही, तिच्या वाजण्यात खंड पडू द्यायचा नाही आणि ज्याच्या गळ्यात आहे त्याने बसायचं नाही. तासातासाला माणूस बदलतो.

"महिपती, बाराचा पहारा तू घे," महाराज म्हणाले.

आधीच्या पहारेकऱ्याने वीणा त्याच्या गळ्यात घातली. दोघे एकमेकांच्या पाया पडले. महिपती ताठ उभा राहून तार छेडू लागला.

एक वाजता अंकुश पुढे आला. "आण, दादा."

"राहू दे. मी दमलेलो नाही."

दोन वाजता तो पुन्हा आला. "घरून निरोप आलाय. आबा जेवले, झोपलेत. आता तरी दे."

"तुला जमायचं नाही. मध्येच थांबशील."

पंगतीचे तांदूळ निवडणारी सोनाकाकू शेजारणीला म्हणाली, "हा काही सातही दिवस सोडत नाही बघ!"

बायका हसल्या. महाराज हसले नाहीत.

तीन वाजत आले तेव्हा महिपती सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. तार दोनदा अडखळली. मग त्याचा गुडघा वाकला आणि वीणा खाली जाऊ लागली...

अंकुशचे दोन्ही हात तिच्याखाली होते. तो दोन तास मागेच उभा होता.

त्याने वीणा आपल्या गळ्यात घातली, वाकून भावाच्या पायाला हात लावला आणि तार छेडली.

महिपती फरशीवर बसून राहिला.

"खंड पडला, महाराज. माझ्यामुळे."

"कुठे? ऐक."

त्याने ऐकलं. तार वाजत होती.

"पण माझा पहारा..."

महाराजांनी त्याच्यापुढे पत्रावळ मांडली.

"तुझा पहारा एक वाजताच संपला होता. जेवून घे."